डुकराची गुबगुबीत पिल्ले तिसऱ्या आठवड्यात का दगावतात?



आपल्या पत्रिकेत डुकराचे नाव निघते ते बहुधा तक्रारीपोटीच. नदीकाठच्या गटांतून दरवर्षी अर्ज येतात. रानडुकरांनी फड लोळवला, बुडखे उकरले, निम्मा ऊस चावून टाकला, पंचनामा व्हावा. तेव्हा शेतकी खात्याच्या माणसाने डुकरावर लेख लिहावा, आणि तोही डुक्कर जगवावे कसे यावर, हे पाहून काही मंडळी हसतील. हसू द्या. गेल्या दोन-तीन हंगामांत आपल्या कार्यक्षेत्रात जोडधंदा म्हणून वराहपालन करणारी चार-सहा कुटुंबे उभी राहिली आहेत. ती आपलीच सभासद आहेत, त्यांचाही ऊस आपल्याच गव्हाणीत पडतो. गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या यांवर पत्रिकेत वेळोवेळी लिहून आले, पण या मंडळींसाठी आजवर एक ओळ आली नाही. त्यांच्याकडे होणाऱ्या नुकसानीचे एक मोठे कारण मात्र असे आहे, की ते कळले तर थोडक्या पैशांत टळते. म्हणून हा लेख.

प्रत्यक्ष घडलेली हकिकत सांगतो. नाव-गाव देत नाही, कारण त्या घराने आधीच पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. दीड एकर ऊस, त्यातला निम्मा खोडवा. थोरला मुलगा शिकलेला, नोकरी नाही. त्याने कर्ज काढून गोठ्याच्या मागे पक्के शेड बांधले, सिमेंटचा कोबा केला, पाण्याची सोय केली आणि पांढऱ्या यॉर्कशायर जातीच्या दोन गाभण माद्या आणल्या. भावकीत नाके मुरडली गेली, ते असो. पहिली मादी व्याली, दहा पिल्ले झाली. घरातील सूनबाई रात्री दोन-दोनदा उठून पिल्ले आईच्या अंगाखाली सापडत नाहीत ना हे बघायची. शेड रोज धुऊन काढायचे, फिनेल टाकायचे. पंधरा दिवस पिल्ले अशी वाढली, की बघणाऱ्याने बघत राहावे.

सतराव्या दिवशी सकाळी दहांतले सगळ्यात मोठे पिल्लू मरून पडलेले. ना हगवण, ना जखम. दोन दिवसांनी दुसरे गेले, तेही तसेच भरल्या अंगाचे. मग एक-दोन पिल्ले कोपऱ्यात बसून धापा टाकू लागली. कोणी म्हणाले दृष्ट लागली, कोणी म्हणाले आईचे दूध बाधले, एकाने तर शेजाऱ्याने काहीतरी घातले असेल असे सुचवून भांडण लावायची सोय केली. म्हातारे म्हणाले, "विकून टाका ती डुकरं आणि फोडा तो कोबा. कर्ज उसातनं फेडू."

मुलाचे म्हणणे मात्र वेगळे होते. गावठाणाबाहेर एका कुटुंबाकडे देशी काळी डुकरे आहेत. त्यांची पिल्ले चिखलात, उकिरड्यावर, पावसात हिंडतात. त्यांतलीही मरतात, कुत्री नेतात, जंताने खंगतात. पण अशी धडधाकट पिल्ले एका रात्रीत जात नाहीत. "त्यांची घाणीतली जगतात आणि आमची धुतलेल्या फरशीवरची मरतात, हे कसं काय साहेब?"

प्रश्न अगदी बरोबर होता, आणि उत्तर त्या प्रश्नातच होते. पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टर आले. त्यांनी एका पिल्लाची पापणी उलटी करून दाखवली. आतली त्वचा लाल-गुलाबी असायला हवी ती कागदासारखी पांढरी. कानाची पाळी उजेडात धरली तर शिरा दिसेनात. दुखणे पांडुरोगाचे. अंगात रक्त नाही, कारण रक्त करायला लोह नाही. लोह नाही, कारण पिल्लाचे तोंड मातीला लागलेले नाही.

शिल्लक किती आणि खर्च किती

उसाच्या हिशोबाची सवय असलेल्या आपल्या लोकांना हे गणित चटकन समजेल. डुकराचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या अंगात सुमारे ५० मिलिग्रॅम लोह असते. ही आईने दिलेली शिदोरी. त्याच्या वाढीला रोज सुमारे ७ मिलिग्रॅम लोह लागते. आईच्या दुधातून दिवसाला मिळते अवघे १ मिलिग्रॅम. म्हणजे रोज ६ मिलिग्रॅमची तूट. पन्नासाला सहाने भागा. आठवडाभरात शिदोरी संपते. प्रत्यक्षात त्या पन्नासातला बराचसा भाग आधीच रक्तात गुंतलेला असतो, हाताशी मोकळा थोडाच, त्यामुळे ओढाताण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासूनच सुरू होते.

आता कोणी विचारील, दूध तर सगळ्याच जनावरांचे लोहाला कमी, मग वासराला असे का होत नाही? कारण वाढीचा वेग. माणसाच्या मुलाचे जन्माच्या वेळचे वजन दुप्पट व्हायला पाच महिने लागतात, वासराचे साधारण दीड महिन्यात होते, डुकराच्या पिल्लाचे मात्र आठ-दहा दिवसांत. चार आठवड्यांत ते जन्मवजनाच्या चार-पाच पट होते. अंग वाढते तसे रक्तही वाढावे लागते, आणि रक्ताचा तांबडेपणा म्हणजे हिमोग्लोबिन, ते लोहावाचून होत नाही. जन्मताना १०० मिलिलिटर रक्तात ९-१० ग्रॅम असणारे हिमोग्लोबिन लोह न मिळालेल्या पिल्लात तीन आठवड्यांत चार-पाच ग्रॅमपर्यंत उतरू शकते. पाणी घालून वाढवलेल्या आमटीसारखी गत. पातेले भरलेले दिसते, कस नाही.

यावरून गुबगुबीत पिल्लू आधी का गेले तेही कळेल. डुकराच्या पिल्लांचे सड ठरलेले असतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत भांडून प्रत्येक जण आपला सड पक्का करतो आणि शेवटपर्यंत तोच पितो. पुढच्या सडांना दूध जास्त, ते दांडग्या पिल्लांच्या वाट्याला जातात. जो जास्त पितो तो लवकर वाढतो, जो लवकर वाढतो त्याची शिदोरी लवकर संपते. किरटे पिल्लू हळू वाढते म्हणून त्याची तूट उशिरा उघडी पडते. "चांगलं ते देवाने नेलं" असे त्या घरातली माऊली म्हणत होती. खरे कारण हे होते.

रानात किंवा मोकळ्या अंगणात वाढणाऱ्या पिल्लाला ही अडचण नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून ते नाकाने माती उकरू लागते, मातीत लोह असते, पोटात जाते, गरज भागते. आपल्या उसात शिरणाऱ्या रानडुकराचे पिल्लू फडातली माती उकरते तेव्हा आपले बुडखे जातात, पण त्याचे लोह त्याला फुकट मिळते. आपण पाळीव डुकराला पक्क्या कोब्यावर आणले. जंत कमी झाले, धुणे सोपे झाले, ते चांगलेच झाले. पण त्याबरोबर माती गेली. जी वस्तू आपण काढून घेतली ती दुसऱ्या मार्गाने परत दिली पाहिजे. कोबा फोडण्याचे कारण नाही.

ही गोष्ट शास्त्रज्ञांनाही पूर्वी कोड्यात टाकणारी होती. बंदिस्त जागेतील पिल्लांचे हे दुखणे युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून माहीत होते. १९२३ साली मॅकगोवन आणि क्रिक्टन या दोघांनी स्कॉटलंडमध्ये ते लोहाच्या कमतरतेचे असल्याचे दाखवून दिले. त्यानंतर अनेक वर्षे लोक पिल्लांना लोहाच्या गोळ्या, लेप, हिरवळीच्या ढेपा असे काय काय देत राहिले. १९५० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये आयर्न डेक्स्ट्रान हे टोचण्याचे औषध निघाले आणि काम सोपे झाले. आजही जगभर बंदिस्त वराहपालनात तेच वापरतात.

आईला लोह चारून भागत नाही

त्या मुलाने डॉक्टरांना पहिले हेच विचारले, की गाभण मादीला टॉनिक जास्त पाजले असते तर? हा गैरसमज सगळीकडे आहे म्हणून थोडे खोलात सांगतो. आईला लोह जरूर लागते, तिच्या खुराकात खनिज मिश्रण हवेच. पण तिला कितीही जास्त लोह दिले तरी ते वारेतून पिल्लात फारसे उतरत नाही आणि दुधातही वाढत नाही. काही ठिकाणी आईच्या खाण्यात भरपूर लोह घातल्यावर पिल्ले सुधारल्याचे आढळले, तेव्हा पुढे उलगडा असा झाला, की जास्तीचे लोह आईच्या शेणातून बाहेर पडत होते आणि पिल्ले ते शेण चाखत होती! फायदा झाला तो दुधामुळे नव्हे. स्वच्छ धुतलेल्या शेडमध्ये तर तोही मार्ग बंद.

आपल्या खोडव्यातला केवडा आठवा. चुनखडीच्या जमिनीत लोह असते, माती तपासली तर दिसतेही, पण ते उसाच्या मुळाला उचलता येत नाही. कोवळी पाने पिवळी, मग पांढरी फटक पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा वेळी जमिनीत नुसती आणखी हिराकस फेकून उपयोग होत नाही, चुना ती धरून बसतो. म्हणून आम्ही सांगतो की हिराकस शेणखतात मुरवून द्या आणि पिकावर अर्धा ते एक टक्क्याची फवारणी करा, म्हणजे लोह थेट पानाला मिळेल. डुकराचे तसेच आहे. आईच्या अंगात लोह आहे पण वाट बंद आहे. तेव्हा आईला वगळून थेट पिल्लालाच द्यायचे. पांढरे पान आणि पांढरे पिल्लू, दोघांचे दुखणे एकाच धातूचे. हे मी त्या मुलाला सांगितले तेव्हा म्हातारे पहिल्यांदा मान हलवून म्हणाले, "असं होय! मग केवडाच म्हणा की."

ओळखायचे कसे

पांढऱ्या जातीच्या पिल्लात सोपे असते. कान, नाकाचा शेंडा आणि पोटाची कातडी गुलाबी असते ती फिकी, पिवळसर पांढरी दिसू लागते. केस राठ होतात, कातडीला सुरकुत्या पडतात. पिल्लू पळताना लवकर थकते, दूध पिताना मध्येच थांबते. पुढची पायरी म्हणजे धाप. जागेवर बसलेले असतानाही बरगड्यांमागचा भाग भात्यासारखा उडतो. काहींच्या मानेवर, खांद्यावर, डोक्याभोवती सूज येते आणि पिल्लू उलट जास्तच भरलेले दिसते. इथेच लोक फसतात. सूज पाण्याची असते. अशा पिल्लाला धरायला धावाधाव केली तर ते हातातच मरू शकते, कारण हृदय आधीच थकलेले असते. कित्येकदा मात्र यातले काहीच लक्षात येत नाही आणि सकाळी पिल्लू मेलेले आढळते. शिवाय पांडुरोगी पिल्लाला हगवण आणि न्यूमोनिया लवकर गाठतात. मग मृत्यू हगवणीच्या नावावर जातो आणि मूळ कारण तसेच राहते.

काळ्या देशी किंवा संकरित पिल्लाचे कान बघून कळत नाही. त्याची पापणी आणि हिरडी पाहावी. गोव्यातील 'अगोंदा गोवन' ही काळी जात राष्ट्रीय पातळीवर नोंदलेली आहे. कोकणात आणि गोव्यात अशी डुकरे परंपरेने मोकळी हिंडत आली आणि तिथली जांभ्याची तांबडी माती लोहाने भरलेली. तीच जात कोब्यावर बांधली तर तिच्याही पिल्लांना लोह द्यावेच लागेल. देशी आहे म्हणून सूट नाही, वाढ जरा हळू असल्याने धोका थोडा कमी इतकेच.

टोचायचे केव्हा, किती, कोठे

पिल्लू तीन-चार दिवसांचे झाले की आयर्न डेक्स्ट्रान टोचून घ्यावे. पहिल्याच दिवशी घाई नको, तो दिवस चिकाचा. पिल्लाने आईचा चीक पोटभर प्यायला की नाही एवढेच त्या दिवशी पाहावे. फार उशीरही नको, आठवडा उलटला की शिल्लक संपलेली असते.

एका पिल्लाला एकूण २०० मिलिग्रॅम लोह पुरते. वरचे गणित पुन्हा करून पाहा. रोजची तूट ६, तर २०० मिलिग्रॅम महिनाभर पुरते, आणि तोपर्यंत पिल्लू खुराक खाऊ लागते. बाहेरच्या देशांत हा डोस एकदम देतात. आपल्याकडे दोन भागांत देण्याची पद्धत आहे, १०० मिलिग्रॅम तिसऱ्या-चौथ्या दिवशी आणि १०० मिलिग्रॅम चौदाव्या दिवसाच्या सुमारास. लहान अंगाच्या पिल्लाला हीच बरी.

इथे एक खबरदारी मोठ्या अक्षरात छापण्यासारखी आहे. औषधाच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या येतात. एका मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम लोह असलेली येते, १०० ची येते, त्याहून तीव्रही असते. "दोन मिली टोचा" असे कोणी तोंडी सांगितले तर ते कोणत्या बाटलीतले, हे विचारलेच पाहिजे. ५० च्या बाटलीतून दोन मिली म्हणजे १०० मिलिग्रॅम, १०० च्या बाटलीतून एक मिलीच पुरे. लेबल वाचल्याशिवाय सिरिंज भरू नये. तणनाशकाच्या बाबतीत आपण हेच सांगतो, तरी दरवर्षी कोणीतरी पीक जाळून घेतोच.

जागा मानेची, कानामागचा मऊ स्नायू. जुनी मंडळी मागच्या मांडीत टोचतात, ते टाळावे. मांडीत मोठी नस असते, तिला सुई लागली तर पिल्लू लंगडे होते. शिवाय हे औषध काळपट तपकिरी असते, मांसात त्याचा डाग राहतो आणि विक्रीच्या वेळी मांडीलाच किंमत असते. सुई बारीक आणि आखूड हवी, अर्धा-पाऊण इंच. टोचण्यापूर्वी कातडी बोटाने किंचित बाजूला सरकवावी, सुई काढल्यावर सोडावी, म्हणजे भोक झाकले जाते आणि औषध बाहेर गळत नाही. सुई स्वच्छ असावी, एका वेतानंतर बदलावी. दुसऱ्याच्या शेडमधली सुई आणू नये.

पहिल्या वेळी हे काम पशुवैद्यकीय दवाखान्याच्या डॉक्टरांच्या हातूनच करून घ्यावे, आणि त्यांच्यासमोर शिकून घ्यावे. कारण लोह ही गोष्ट जास्त झाली तर विष आहे. आईच्या खुराकात ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम कमी पडले असेल तर तिच्या पिल्लांना लोहाचा बरोबर डोसही बाधू शकतो, टोचल्यावर काही तासांत पिल्ले मरतात. असे क्वचित होते, पण कुबट, जुने, खवट झालेले धान्य मादीला घालणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. आजारी, हगवण लागलेल्या पिल्लाला टोचायचे की थांबायचे हे डॉक्टर ठरवतील.

त्या घरातल्या उरलेल्या आठ पिल्लांना त्याच दिवशी औषध दिले. धापा टाकणाऱ्यांपैकी एक वाचले नाही. बाकी सातांच्या कानांवर हळूहळू लाली आली. दुसरी मादी पुढे तीन आठवड्यांनी व्याली, नऊ पिल्ले झाली. एक पहिल्याच रात्री आईच्या अंगाखाली चेंगरले. आठांना चौथ्या आणि चौदाव्या दिवशी टोचले, आठही खुराकावर आली. कोबा अजून शाबूत आहे. भावकीतले एक जण हल्ली पिल्लांचा भाव विचारून गेले म्हणे.

टोचणे जमत नसेल तर

डॉक्टर लांब, औषध मिळत नाही, अशी पाळी आली तर जुना उपाय आहे. अर्धा किलो हिराकस दहा लिटर पाण्यात, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम, या प्रमाणात विरघळवून ते पाणी रोज मादीच्या कासेला, सर्व सडांना फडक्याने लावावे. पिल्ले दूध पिताना ते चाटतात. पिल्ले खुराक खाऊ लागेपर्यंत रोज लावावे लागते. सर्व सडांना असे मुद्दाम म्हटले, कारण वर सांगितल्याप्रमाणे प्रत्येकाचा सड ठरलेला असतो. पुढचे दोन-चार सड माखून मोकळे झालात तर मागची पिल्ले कोरडीच राहतील. या उपायात कोणाच्या पोटात किती गेले याचा हिशोब लागत नाही, आणि रोजचे काम दोन दिवस चुकतेच. म्हणून माझे मत विचाराल तर सुई बरी.

हिराकस म्हटल्याबरोबर सभासदांच्या डोळ्यांपुढे आपल्या विक्री केंद्रातले पोते येईल. ते उसासाठी आहे, जनावरासाठी नाही. खताच्या प्रतीच्या हिराकशीत इतर धातूंची भेसळ असू शकते. जनावरांसाठी औषधी प्रतीची, शुद्ध हिराकस औषधांच्या दुकानातून घ्यावी. तिचा खडा हिरवट निळसर असतो. हवा लागून पिवळा-तांबूस झालेला माल वापरू नये, त्यातले लोह अंगी लागायला जड जाते. उसालाही तो तितका लागू पडत नाही, हे जाता जाता.

दुसरा सोपा उपाय मातीचा. पिल्लांच्या कोपऱ्यात रोज थोडी स्वच्छ तांबडी माती टाकावी. ती जिथे कधीच डुकरे फिरली नाहीत अशा जागेतून, वरचा थर काढून खालची घ्यावी. गावठाणाजवळची, उकिरड्याची, ओढ्याकाठची नको. डुकराच्या मोठ्या जंताची अंडी मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. लोहापायी माती आणली आणि जंत घेऊन आलो, असे होऊ नये. माती हा टोचण्याला जोड म्हणून चांगला उपाय. तिच्यावर एकटीवर विसंबू नये.

दहाव्या ते चौदाव्या दिवसापासून पिल्लांसाठी वेगळा, आईला पोचता येणार नाही अशा जागी खुराक ठेवावा. भरड बारीक, ताजी, खनिज मिश्रण घातलेली. सुरुवातीला पिल्ले ती नुसती उधळतात, खातात फार थोडी. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात खरे खाऊ लागतात. शेजारी स्वच्छ पाणी हवे. "दूध पितात की, पाणी कशाला?" असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पाण्यावाचून कोरडा खुराक पिल्लू खात नाही.

आपण साखर कारखान्याची माणसे, म्हणून एक प्रश्न हटकून येतो. मळीत लोह असते, तर ती पाजली तर? मोठ्या डुकरांच्या खाद्यात थोडी मळी चालते. कोवळ्या पिल्लांना मळी, गूळपाणी, साखरपाणी काहीही पाजू नये. दुधातली साखर त्यांना पचते, पण उसाची साखर पचवणारा पाचकरस पहिल्या दिवसांत त्यांच्या आतड्यात नसतोच म्हटले तरी चालेल. अशक्त पिल्लाला दया म्हणून साखरपाणी पाजले, तर हगवण लागून ते मरते. ज्या मालावर आपण जगतो तो त्यांना सोसत नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. जन्मलेल्या पिल्लाला ३२ ते ३५ अंश ऊब लागते, आणि आपल्याकडे गाळप हंगामातल्या रात्री थंड असतात. कोपऱ्यात दिवा आणि खाली कोरडे, बारीक केलेले पाचट ठेवावे. भिंतीला लागून आडवी नळी बसवली तर मादी टेकताना पिल्लांना निसटायला जागा राहते.

आणखी एका रोगाबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा रोग २०२० साली आपल्या देशात प्रथम आसाम-अरुणाचलात आला. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या ९० लाखांवर डुकरांपैकी २१ लाख एकट्या आसामात होती, तेव्हा तिथे किती हानी झाली असेल याचा अंदाज करावा. त्याला औषध नाही. हॉटेलचे खरकटे न उकळता घालू नये, खात्री नसलेल्या ठिकाणची जनावरे आणू नयेत, बाहेरच्या माणसाला शेडमध्ये घेऊ नये. पिल्ले पांढरी न पडता तापाने, अंगावर लाल-जांभळे डाग पडून, लहान-मोठी सगळीच मरू लागली तर तो आपल्या लेखाचा विषय नव्हे, त्याच दिवशी दवाखान्यात कळवावे.

शेवटी तारखांचे. मादी फळल्यापासून विण्यापर्यंत सुमारे ११४ दिवस लागतात, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. जोडीची तारीख वहीत लिहिली असेल तर विण्याचा दिवस दोन-तीन दिवसांच्या फरकाने आधीच सांगता येतो, आणि औषधाची बाटली, सुई, दवाखान्याची वेळ हे सगळे त्याआधी ठरवता येते. पिल्ले झाल्यावर धावाधाव केली की तिसरा दिवस हमखास हुकतो. आपल्या कारखान्याच्या दिनदर्शिकेत लागणीची आणि तोडणीची नोंद करता, तिथेच विण्याच्या अंदाजी तारखेवर एक खूण करा, प्रत्यक्ष वीण झाली की त्यापुढे चौथ्या आणि चौदाव्या दिवशी आणखी दोन. ज्या सभासदांकडे माद्या आहेत त्यांनी या खुणांच्या तारखा आपापल्या गट कार्यालयात कळवल्या, तर एकाच दिशेच्या चार-पाच शेडचे टोचणे एका फेरीत करता येईल का, हे दवाखान्याशी बोलून ठरवू. बाटली एकदा उघडली की फार दिवस ठेवता येत नाही, तेव्हा वाटून घेतली तर खर्चही कमी पडेल.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग